ईदचा आठवडा

दमनहूर,
५ फेब्रुवारी

चि. वगीह यास,
थोरली बहीण रावया हिचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू कुवेतला सुखरूप पोचल्याचं तुझ्या इन्जीकडून कळलं. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, म्हणून हे टपालाने लिहिते आहे. हॉस्पिटलच्या औषधसाठ्याची पत्रं सोडली तर मला लिहिण्याची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं तसंच वाच.

काल बाबांचा चाळिसावा झाला. शेख पठणाला आले होते. खालच्या मजल्यावरच्या बायकांनी स्वयंपाक केला, मला भांड्याला हात लावू दिला नाही. तू नव्हतास याचं मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. रजा संपली की संपली. बाबांचा कोट अजून दाराआड आहे. तो कोणाला द्यायचा ते ठरत नाही.

तुझा कागद मिळाला. बाबांनी घेतलेलं साहेलच्या समुद्रकाठच्या क्लबचं सभासदत्व वारसांनी सोडून द्यावं, त्यावर दोघांच्या सह्या हव्यात, तुझी झाली आहे, माझी राहिली आहे. बाबांना जाऊन चाळीस दिवस होत नाहीत तोवर कागद पाठवलास. कफनाचं बिल तरी इतक्या लगबगीने पाठवलं नव्हतंस.

मी सही केलेली नाही. का, ते लिहिते. बाबांना पुरलं त्या संध्याकाळी मंडपात पुरुष बसले होते आणि आम्ही बायका वर घरात. खिडकी उघडी होती. शेख दम घ्यायला थांबले आणि त्या शांततेत खालून हसणं ऐकू आलं. नंतर शेजारच्या अब्दुल-मोएझच्या बायकोने सांगितलं की तू क्लबची गोष्ट सांगत होतास. बाबांनी समुद्रकाठचा उन्हाळा विकत घेतला आणि चंद्राला विचारायचं राहिलं, ती. लोक कडू कॉफीचे कप हातात धरून हसले. ज्यांनी बाबांना आयुष्यात कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं, ते त्यांना मूर्ख समजून घरी गेले.

तो कागद मी फडताळात ठेवला आहे. तू तिथे वाट बघत बसू नकोस.

मुलांना पापे. लोभ होता. आहे का ते कळव.
रावया

---

कुवेत,
१५ फेब्रुवारी

ती. अब्ला रावया हिस,
वगीहचा सा. सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. कफनाच्या बिलाचं लिहिलंस ते वाचून इन्जी रडली. मी रडलो नाही. मला राग आला.

अब्ला, मी बाबांची चेष्टा केली नाही. ती गोष्ट मी दर ईदला त्यांच्या तोंडावर सांगायचो आणि तेच सगळ्यांत जास्त हसायचे. मंडपात बसलेल्या माणसांना फक्त पाटबंधारे खात्यातले शुक्री साहेब माहीत होते. कालव्याची दारं उघडण्याच्या हुकमांवर सही करणारे. मला कोणाला तरी सांगायचं होतं की हा माणूस हसायचा.

आता कागदाबद्दल. तू औषधं मोजतेस, तुला आकडे कळतात, तेव्हा शांतपणे बघ. बारा वर्षांपूर्वी बाबांनी दरवर्षी एक आठवडा विकत घेतला. दोन खोल्यांचं शाले म्हणजे छोटं घर, समोर समुद्र, आठवडा ईदचा. तेव्हा ईद ऑगस्टात होती. ईद चंद्रावर चालते, दरवर्षी अकरा दिवस मागे सरकते हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. ऑगस्टचा जुलै झाला, जुलैचा जून, आणि आता ईद मार्चअखेर येऊन बसली. मार्चमध्ये साहेलला काय असतं? तलाव रिकामा, हॉटेल बंद, नळाला गरम पाणी नाही, वर मार्चअखेर येणारं अव्वाचं वादळ. शेवटच्या वेळी आम्ही आलो तेव्हा माझी धाकटी आठ दिवस खोकत होती. आणि मेंटेनन्स मात्र दरवर्षी वाढतो. तेवढ्या पैशात आज जुलैमध्ये त्याच किनाऱ्यावर याच्यापेक्षा चांगलं घर भाड्याने मिळतं, कसलंही सभासदत्व नको, करार नको. हवं तेव्हा जा, नको तेव्हा जाऊ नका. मी तीन ठिकाणी चौकशी केली आहे.

त्या विक्रीवाल्या पोराने बाबांना फुकट जेवण घातलं आणि गळ्यात हे बांधलं. त्यांना फसवलं गेलं, एवढंच मी म्हणतो. त्यात बाबांचा कमीपणा नाही. पण त्यांची चूक आपण अजून एकवीस वर्षं भरत बसायची, याला प्रेम म्हणत नाहीत.

सही कर आणि मोकळी हो. जुलैमध्ये आपण सगळे जाऊ, माझ्या खर्चाने.

तुझा लोभ मला कायम हवा आहे, रागावलेला असला तरी.
वगीह

---

दमनहूर,
२६ फेब्रुवारी

चि. वगीह,

आशीर्वाद आहेतच.

तुझा हिशोब बरोबर आहे. मला तेच सहन होत नाही. तू चौकशी केलीस त्या तिन्ही जागा चांगल्याच असणार. कोणी परका येऊन मला विचारेल की असं सभासदत्व घ्यावं का, तर मी तुझंच पत्र त्याच्या हातात देईन.

पण बाबांना कोणी फसवलं नाही. मी तिथे होते.

आई गेल्यानंतरची ईद आठवते? तुम्ही सकाळी आलात, कबरीवर गेलात, घरी येऊन अर्धा तास बसलात, आणि त्या घरात आईशिवाय बसवेना म्हणून दुपारीच इन्जीच्या माहेरी निघालात. मी तुम्हाला दोष दिला नव्हता. मलाही बसवत नव्हतं. त्यानंतर दोन महिन्यांनी बाबा मला अलेक्झांड्रियाला त्या जेवणाला घेऊन गेले. विक्रीवाल्या मुलाने वर्षाच्या आठवड्यांचा रंगीत तक्ता पसरला आणि जुलैचा शेवटचा आठवडा दाखवला. शेवटचा उरला आहे, आज घेतला नाहीत तर उद्या जाईल, वगैरे. बाबा म्हणाले, मला ईदचा दे.

त्या मुलानेच त्यांना सांगितलं, वगीह. तो म्हणाला, बाशमोहन्दिस, इंजिनियर साहेब, ईद पळते, दहाबारा वर्षांत तुम्ही स्वेटर घालून बसाल, मला पाप लागेल. बाबा म्हणाले, समुद्र तर कुठे पळत नाही ना? मुलाने आपल्या साहेबाला विचारलं. साहेब खूश झाला, कारण तो आठवडा कोणी घेत नव्हतं. तेहतीस वर्षांचा करार. तेवढ्यात ईद पूर्ण फेरी मारून परत उन्हाळ्यात येते, हेही बाबांनी बोटांवर मोजून मला दाखवलं. तेव्हा मी नसेन, म्हणाले, पण वगीहच्या मुलांना मुलं असतील.

परत येताना गाडीत मी म्हटलं, निदान वगीहला तरी खरं सांगा. तेव्हा ते जे बोलले ते मी तुला कधी सांगणार नव्हते. म्हणाले, "उन्हासाठी जातोय असं वाटलं तर तो मजेत येईल. म्हाताऱ्यासाठी जायचं म्हटलं की ते काम होतं."

जून होता तोवर तू आलास. मे महिन्यात आलास, पण कुरकुरत. मग धाकटीला खोकला झाला आणि तू येणं बंद केलंस. त्यानंतर दर ईदला तू फोन करून चंद्राची गोष्ट सांगायचास आणि बाबा फोनचा आवाज मोठा करायचे, मलाही ऐकू यावी म्हणून. आतल्या खोलीतले तुमचे चार पलंग ते पहिल्या दिवशी स्वतः घालायचे, आणि मी त्यांवर बॅग ठेवली तर उचलायला लावायचे.

तो मूर्खपणा होता असं तुला वाटत असेल तर वाटू दे. पण मंडपात तू जी गोष्ट सांगितलीस ती बाबांची नव्हती. ती तुझी होती.

रमजान तोंडावर आला आहे. सांभाळून रहा.
रावया

---

कुवेत,
९ मार्च

अब्ला,

मायना राहू दे. रोजा सोडल्यावर लगेच लिहायला बसलो आहे.

म्हणजे बारा वर्षं तुम्ही दोघं मिळून मला खेळवत होतात. मी फोनवर विदूषकासारखा तीच गोष्ट सांगतोय, आणि पलीकडे तुम्हा दोघांना खरं माहीत आहे. तू एकदाही फोन हातात घेऊन म्हणाली नाहीस, अरे गाढवा, गप्प बस आणि तिकीट काढ. एकदाही नाही.

बाबांनी ठरवलं की मी म्हाताऱ्यासाठी येणार नाही. ठीक, ते बाप होते, त्यांना हक्क होता. तुला कोणी दिला? मी आलो असतो. हिमात आलो असतो. मुलांना चार कोट घालून आणलं असतं. मला न विचारता तुम्ही मला नापास केलंत आणि आता तू मला निकाल वाचून दाखवते आहेस. तुझ्याकडे त्यांची प्रत्येक ईद आहे. माझ्याकडे एक विनोद होता, तोही तू काढून घेतलास.

आणि पलंगांचं कशाला लिहिलंस? ते वाचल्यापासून मला झोप नाही.

कागदाचं तुला हवं ते कर. शरियतप्रमाणे दोन हिस्से माझे, एक तुझा. माझ्या दोन हिश्श्यांवर माझी सही आहे, ती मी मागे घेत नाही.

वगीह

---

दमनहूर,
१९ मार्च

वगीह,

शरियत काढलीस ते बरं केलंस. म्हणजे आठवड्यातले साडेचार दिवस आणि वर थोडी संध्याकाळ तुझी. उरलेले माझे. समुद्राची वाटणी कशी करायची तेही लिही.

तू आला असतास, म्हणतोस. हिमात. साहेलला हिम पडत नाही, वारा असतो. वाऱ्यात तू आला नव्हतास. ते मला कोणी सांगायला लागलं नाही, मी तिथेच बसले होते.

मी गप्प राहिले ते बाबांनी सांगितलं म्हणून. मी त्यांचं ऐकत आले आहे. तेवढंच मला येतं.

या वर्षाचा मेंटेनन्स मी माझ्या पगारातून भरला. तू विचारण्याआधी सांगते, तो वाया गेला हे मला ठाऊक आहे. मी जाणार नाही. बाप जाऊन तीन महिने नाहीत आणि लेक समुद्रावर, असं इमारतीचा अख्खा जिना म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. यंदा घरी ईदची बिस्किटं, कहक, भाजणार नाही. शेजारच्या पाठवतील ते खाईन. ईदच्या सकाळी कबरीवर फतीरच्या रोट्या आणि खजूर वाटीन. तो आठवडा रिकामा जाऊ दे. पलंग कोणी घालायचे नाहीत. ईद झाली की सही करून कागद पाठवते. तू म्हणतोस तेच खरं, असल्या सभासदत्वात अर्थ नाही. जे बाबांना हवं होतं ते तो क्लब विकतच नव्हता.

आता यावर लिहू नकोस. फोनही करू नकोस, मी घेणार नाही.

रावया

---

साहेल, शाले क्र. ४६
ईदचा दुसरा दिवस

ती. अब्ला रावया हिस,
सा. सलाम. ईद आहे, पण मुबारक म्हणवत नाही, म्हणून सलामच. वि. वि.

तू इथे नाहीस.

ईदच्या दिवशीचं तिकीट मिळालं नाही. आज पहाटे बुर्ज अल-अरबच्या विमानतळावर उतरलो आणि टॅक्सीने थेट इकडे आलो, कारण दर वर्षी दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं इथे असता. वाटेत सतरा फोन केले असतील. तू घेतला नाहीस, सांगितल्याप्रमाणे. माझ्या बहिणीने कबूल केलेली एकच गोष्ट मोडली असती तर किती बरं झालं असतं.

तुझ्या पत्रात ‘मी जाणार नाही’ असं स्पष्ट होतं. मी ते वाचलं होतं. मला वाटलं रागाने लिहिलं आहेस. आपल्या घरात माणसं रागाने लिहितात आणि मग जातात, असा माझा समज होता. चूक माझी. तरी मी अजून रागावलेलो आहे, ते लक्षात असू दे.

फाटकावर रखवालदार अम्म खलील होता. गाडी येताना बघितली आणि नाव विचारलं. मी वगीह शुक्री म्हटलं. तो आपल्या खोलीत गेला आणि एक लाकडी खुर्ची उचलून फाटकाबाहेर, रस्त्याकडे तोंड करून ठेवली. मी विचारलं, ही कोणासाठी? तो गोंधळला. म्हणाला, सवय झाली, माफ करा, बाशमोहन्दिस दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत इथे ऊन खायला बसायचे. अब्ला, तिथे ऊन नव्हतं. आज तरी नाही. वारा असा की खुर्ची धरून ठेवावी लागत होती. मी खलीलवर ओरडलो, कशासाठी ते मला कळलं नाही. मग त्या खुर्चीवर बसलो. रस्ता सरळ आहे, अलेक्झांड्रियाकडून येणारी प्रत्येक गाडी फार आधीपासून दिसते.

हे तू मला लिहिलं नव्हतंस. तुला माहीत होतं की नाही, ते भेटल्यावर विचारीन.

शाले तसंच आहे. गरम पाणी नाही. तलावात एक फुटका टब पडला आहे. हा आठवडा घेण्यासारखा नाही, हे माझं मत कायम आहे, आणि हिशोब मी कोणालाही लिहून देईन. पलंग घालू नका म्हणाली होतीस. मी तीन घातले आहेत. एक माझा, एक तुझा. तिसऱ्यावर मी माझी बॅग ठेवली होती, ती उचलली.

इन्जी आणि मुलं परवा रात्री उतरतील. मोठीला मी खरी गोष्ट सांगितली. तिने विचारलं, आजोबांनी हिवाळा विकत घेतला का? मी म्हटलं, हो, मुद्दाम.

खलीलचा जावई मिनीबस घेऊन दुपारी दमनहूरला निघतो आहे, त्याच्या हाती हे देतो. तो तुझ्या दाराशी उत्तराची वाट बघत थांबेल. उत्तर नको, तू ये. जिना काय म्हणेल ते म्हणू दे. म्हणावं, भाऊ आजारी आहे. खोटं ठरणार नाही, सकाळपासून शिंकतो आहे.

तो कागद आण. माझी सही त्यावर आहेच. त्याचं काय करायचं ते इथे बसून भांडू. पुढच्या वर्षी ईद आणखी अकरा दिवस थंडीत जाईल, तेही मोजून ठेव.

माझे साडेचार दिवस आजपासून सुरू होतात, तुझे उशिरा आलीस तर कमी होतील. बाबांचा कोट दाराआडचा काढून आण. मी कोट आणला नाही.

खुर्ची फाटकावर आहे. मी रात्रीच्या जेवणापर्यंत तिथे बसतो.

तुझा,
वगीह