डाव्या मनगटावर गोल, उजव्या मनगटावर चौकोनी

३ फेब्रुवारी, मंगळवार
आजपासून दोन्ही हातांत घड्याळं. डावीकडे गोल, माझ्या फोनवर चालणारं. उजवीकडे चौकोनी, महेश बोटीवर जाताना त्याचा जुना फोन ठेवून गेला त्यावर चालणारं. नवरोबांचा हुकूम: दोन्ही पंधरा दिवस वापर, रोज लिही, कुठलं चांगलं चालतं ते बघू. चिमी रडली की मनगटावर थरथरलं पाहिजे, एवढीच परीक्षा. दोन्ही नापास झाली तर चिमी राजापूरला सासूबाईंकडे, महेश परत येईपर्यंत. नापास घड्याळ, शिक्षा मला. छान न्याय आहे.

पाच महिन्यांची झाली चिमी. ती रडली आणि मी गेले नाही असं एकदाही झालेलं नाही. पण बहिऱ्या बाईच्या शब्दाला किंमत नाही. घड्याळाने सांगितलं तर खरं.

५ फेब्रु., गुरु.
गोल: अक्षरं मराठीत, सुबक. थरथर मात्र मुंगी चालल्यासारखी. शिलाई मशीन चालू असलं की सगळा हातच थरथरतो, त्यात काय कळणार? लग्नसराईचे ब्लाउज पडलेत, मशीन बंद ठेवून कसं चालेल. म.ला लिहिलं. उत्तर: ‘सेटिंगमध्ये जाऊन बघ.’ बोटीवर बसून सेटिंग सांगायला काय जातंय. शोधलं, जोर वाढवला, किंचित फरक.
चौकोनी: कुणी बोटाने टोचावं तसं टोचतं, मशीनवरही कळतं. पण चिमीला पाजत बसले की म्हणतं, उभं राहायची वेळ झाली. तू ये आणि पाज.
मान धरलीय. शिवणकामाने असेल.

८ फेब्रु., रवि.
सासूबाई आल्या, सकाळच्या एसटीने, ओले काजूगर घेऊन. जन्म भाताच्या गिरणीत गेला म्हणून फार मोठ्याने बोलतात, असं म. म्हणतो. माझ्या काय उपयोगाचं? बोलता बोलता तोंड फिरवतात आणि ओठ दिसेनासे होतात. कॉलेजात असताना टायफॉइडने माझे कान गेले, हे लग्न ठरताना यांना सांगितलं होतं. तेव्हा म्हणाल्या, “पोर गुणाची हाय, बाकी काय नको.” नात झाल्यावर गुण कुठे गेले माझे?

संध्याकाळी विहारात वंदनेला. दोन्ही घड्याळांनी एकदम सांगितलं, बाळ रडतंय. चिमी माझ्या मांडीवर बसून हसत होती. रडत होतं ते पलीकडच्या बाईचं. सा.बा. माझ्याकडे बघून मान हलवत होत्या.

११ फेब्रु., बुध.
चौकोनीच्या मते आज तीन बाळं रडली. एक परसातला बोका, एक दाराशी आलेली मासळीवाली, एक चिमी. तिन्ही वेळा हातातलं टाकून धावले. मासळीवालीला सांगितलं तर पोट धरून हसली. “माझा आवाज काय बालासारका हाय काय गो?” बांगडे घेतले.
गोलला बोका ओळखता येतो. अक्कल आहे त्याला. पण बॅटरी वाचवायची म्हणून संध्याकाळी न विचारता मुकाट होतं. एक उगीच बोंब मारतं, दुसरं कामाच्या वेळी झोपा काढतं. घरात दोन जावई बसवल्यासारखं झालंय.

आणि मुळात घड्याळाला कान नसतातच. ऐकतो फोन, घड्याळाकडे नुसती चुगली करतो. म्हणून दोन्ही फोन पाळण्याशेजारी स्टुलावर ठेवायचे. मी परसात कपडे वाळत घालायला गेले की दोन्ही घड्याळं ठार मुकी. एवढ्या महाग वस्तूंची मजल मागच्या दारापर्यंतसुद्धा नाही.

१४ फेब्रु., शनि.

दुपारी मशीनवर होते. सा.बा. पाळण्यापाशी बसलेल्या, म्हणून निर्धास्त. बाही जोडून झाली, वळले. चिमी लालबुंद, हुंदके देतेय, टोपरं घामाने भिजलेलं. आणि सा.बा. शेजारी उभ्या. हाताची घडी. उचललं नाही त्यांनी! मला कळतंय का ते बघत होत्या.
“एवडा वेल रडतेय पोर. काय केलान तुझ्या घड्यालांनी?”
चिमीला झटकन उचलून घेतलं. ओरडले. माझा आवाज मला ऐकू येत नाही, पण शेजारच्या नलूकाकी दारात धावत आल्या, म्हणजे मोठाच असणार.

मग बघते तर स्टुलावर फोन नाहीत. कपाटात, गोधडीच्या घडीत सापडले. सा.बा.नीच ठेवलेले.
“पोरीच्या डोक्याशी फोन? रेडिएशन असतंय त्यात. ऐकायचा ता घड्याल ऐकतंय ना? तूच बोललीस.”
खोटं बोलत नव्हत्या. ‘घड्याळ ऐकतं’ असं मीच सांगितलं होतं त्यांना. म्हणून आणखी संताप. मनासारखं भांडतासुद्धा येईना.

म.ला सगळं लिहिलं. मला वाटलं आता तरी समजेल. उत्तर: ‘तेच तर. कुणी फोन हलवला की संपलं. इमोशनल होऊ नकोस सायली. बुधवारी आई घेऊन जाईल.’
इमोशनल! अर्धा तास जहाजाचं इंजीन बंद पडलं तर हा काय होतो ते बघायचंय मला.

१७ फेब्रु., मंगळ.
निकाल पाठवला म.ला. जोर चौकोनीचा. अक्कल गोलची. बॅटरी दोघांची भिकार. रोजच्या वापराला एकही पुरं नाही. खाली लिहिलं: घड्याळांची परीक्षा मी घेतली, तुझी कोण घेणार? वाचल्याच्या खुणा तेवढ्या आल्या.

सा.बा. पिशवी भरत होत्या. लंगोट, टोपरी, दुपटी. त्यांच्यासमोर जाऊन बसले, तोंड फिरवता येऊ नये म्हणून.
“आई, महेश तान्हा होता तेव्हा तुम्ही गिरणीत होतात. त्या आवाजात त्याचं रडणं ऐकू यायचं तुम्हाला?”
हात थांबले.
“कुठला. बाजूच्या मानसाचा बोलना येत नव्हता ऐकू.”
“मग?”
“मग काय. पोत्यावर निजवायचा नि काम करता करता सारकी मान वलवून बघायची.”
“माझी मान का धरलीय, विचारलंत एकदा तरी?”
बोलताना माझं मलाच कळलं. शिवणकामाने नाही धरलेली. पाच महिने तेच करतेय मी. फक्त शनिवारी केलं नाही, तुम्ही बसला होतात म्हणून. हेही सांगितलं त्यांना, तोंडावर.
त्यांनी दुपट्याची घडी मोडली, पुन्हा घातली, पिशवीत ठेवली.

१८ फेब्रु., बुध.
दोन्ही घड्याळं काढून ठेवली. मनगटं हलकी वाटतायत. मानेला बाम.
पिशवी दाराशी. एसटी दुपारची. सा.बा. नवं लुगडं नेसून पाळण्याजवळ बसल्यात, मी मशीनवर.
गळपट्टी लावली, वळले. चिमी झोपलेली. हुक लावले, वळले. झोपलेली. राग गेलेला नाही, आणि बघणं काही सुटत नाही.
तिसऱ्यांदा वळले तेव्हा सा.बा. चिमीकडे बघत नव्हत्या. माझ्या मानेकडे बघत होत्या.
एसटीची वेळ होत आली. त्या अजून उठलेल्या नाहीत.