बी वाजली की तोडायची

४ मार्च, बुधवार
गेला एकदाचा खाली! डॉक्टरांनी खडसावलंच – "इतक्या उंचीवर ही फुप्फुसं चालायची नाहीत." नणंद गाडी घेऊन आली आणि भावाला आपल्या घरी घेऊन गेली. गाडीत बसतानाही साहेबांचा हुकूम: "द्राक्षं उतरली की मगच ये. त्याआधी मळा सोडलास तर बघ!" नवरा आहे की फौजदार! मी हसले. गाडी वळणाआड गेली आणि तिथेच पायरीवर बसून रडले.

७ मार्च, शनिवार
दिवसा ऊन चामडी सोलतंय, सकाळी बघावं तर बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय. म्हणून तर इथल्या द्राक्षांची साल जाड, रंग काळाकुट्ट, आणि वाइन अशी की एका घोटानं तोंड भरून जावं. "खालच्यांच्या वाइनला अंगच नाही," असं हा म्हणायचा – म्हणतो! 'म्हणायचा' काय लिहितेय मी? हात झडो माझे.

१० मार्च, मंगळवार
बी वाजली!! लग्न होऊन इथे आले तेव्हा यानं पहिलं शिकवलं ते हेच – यंत्रानं साखर मोज नाहीतर नको मोजूस, बी दाताखाली कडकन वाजली की तोडायची. मग एक दिवससुद्धा थांबायचं नाही. मी फोन गालाशी धरला आणि बी चावली. "ऐकू आलं?"
 मग म्हणाला, "कच्ची आहे अजून. थांब."
कच्ची? माझे दात काय भाड्याचे आहेत? पण द्राक्षांच्या बाबतीत याच्यापुढे माझं कधी चाललंय! थांबले.

१२ मार्च, गुरुवार
पुन्हा वाजवून दाखवली. पुन्हा तेच – "थांब."

१४ मार्च, शनिवार
तोडणीची माणसं नुसती बसून आहेत. मुकादम डोकं धरून म्हणाला, "वहिनी, मणी सुरकुतायला लागले हो!" घडांवर गांधीलमाश्या घोंगावताहेत. शेवटी फोनवर भांडलेच – उद्या तोडते आणि निघते, मला तुला बघायचंय, द्राक्षं गेली खड्ड्यात! तो दम खात खात बोलला, "एवढी वाइन... बिघडवू नकोस... माझी आण आहे."
आण घातली! लहान पोरासारखी! नणंदेला विचारलं तर, "बरा आहे गं, तू तुझं काम उरक." मला काही हे खरं वाटत नाही.

१७ मार्च, मंगळवार
सकाळी फोन आला. गेला.

२९ मार्च, रविवार
परत वर आले. मी खाली पोचले तेव्हा त्याच्या खोलीतला पलंगसुद्धा आवरून झाला होता. नणंद गळ्यात पडून रडली – "हाडांचा सापळा राहिला होता गं. तुझा फोन आला की उठवून बसवायला लावायचा, नाकातली नळी काढायला लावायचा." मी विचारलं, मग मला बोलावलं का नाहीत? ती चहा टाकायला उठली.
मी निघाले त्याच दिवशी मुकादमानं तोडणी उरकून घेतली. रिकाम्या वेलींकडे बघवत नाही. सवती मेल्या! यांच्यापायी माझा माणूस मला शेवटचा दिसला नाही. त्याचाही राग येतोय. फार राग येतोय. वाइन मोठी आणि मी कुणीच नाही?

१२ एप्रिल, रविवार
आज नवी वाइन चाखली. गोड, जड, चक्क मुरंबा. द्राक्षं फार पिकली होती. असली वाइन त्यानं मोरीत ओतली असती.
बी दहा तारखेलाच वाजली होती. त्यानं ऐकली होती. जन्मात पहिल्यांदा यानं वाइन बिघडू दिली – मी त्याला तसं बघू नये म्हणून.