मुदतीआधी उचललेलं ट्रंपेट

गिरीज, २२ मार्च १९९८

चि. जॅक्सन,

(आता वकील झालास, म्हणजे रा. रा. म्हणायला हवं, पण लंगोटात पाहिलेल्या पुतण्याला ते म्हणवत नाही.) येशूच्या कृपेनं तू खुशाल असशील. तुझ्या आईच्या गुडघ्यांना आराम पडो. आमचं म्हणशील तर माझे कान सोडून सगळं ठीक आहे.

कानांचं कारण कॉन्रॅड, आपल्या आळीतला बँडवाला. घराची कौलं बदलायला त्यानं माझ्याकडून पाच हजार घेतले. मुदत ३१ मेची. ईस्टरनंतर लग्नं सुरू झाली की फेडणार. तेवढ्यात कुणीतरी माझे कान भरले की तो गल्फला पळतोय. झालं! माझं डोकं तुला ठाऊकच आहे. उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावरची राख पुसायच्या आत, मी त्याच्या घरी जाऊन ट्रंपेट जप्त करून आणलं. उपवासकाळात लग्नं नसतात, वाद्य नुसतं पडून असतं, मग त्याचं काय बिघडतंय, असा माझा हिशेब. (गल्फ कसलं डोंबलाचं! तो रेशनकार्डाच्या कामाला विरारला गेला होता.)

तो भांडला असता तर बरं झालं असतं. पण हा बाबा संध्याकाळी सातला दारात हजर. म्हणाला, "काका, चाळीस दिवस फुंकलं नाही तर ओठ ढिले पडतील. मग लग्नात वाजवणार कोण आणि तुमचे पैसे देणार कोण?" कपाळ माझं! तेव्हापासून रोज दोन तास आमच्या ओटीवर रियाज, तोही लग्नातल्या चालींचा, ऐन उपवासकाळात! वर फ्लॉसी (तुझी काकू, पण सध्या त्याची वकील) त्याला जेवायला बसवते, आणि बोंबलाचं कालवण मला उरत नाही. गेल्या रविवारी मिस्सानंतर फादरनी चारचौघांत विचारलं, "फर्डिनंड, तुझी लेक एलिना तर कुवेतला, मग तुझ्या घरात लग्न कुणाचं?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझा काका,
फर्डिनंड

ता. क. मुदतीआधी केलेली जप्ती कायद्यात बसत नाही, असं तुझ्या वकिली कागदावर शिक्क्यानिशी लिहून पाठव. आपणहून परत दिलं तर गावात नाक कापलं जाईल. कायद्यापुढं मान तुकवली तर शोभून दिसतं. ईस्टरच्या सोमवारीच कॉन्रॅडला पहिल्या लग्नाची सुपारी आहे. (फी ३१ मेनंतर. मुदतीआधी मागू नकोस.)

ता. क. २ काल कॉन्रॅडला ताप होता, तो आला नाही. सात वाजता आम्ही दोघं तीन ताटं मांडून दाराकडे बघत बसलो. एलिना गेल्यापासून हे घर किती गप्प असतं, ते मी विसरलोच होतो. तेव्हा कागद पाठव, पण ईस्टरच्या आदल्या शनिवारच्या आधी पोचू देऊ नकोस.