दोन्ही सिलिंडर डावेच

४ ऑगस्ट
आणखी एक नकार! नागपूरचा ओतकामवाला म्हणतो, सिलिंडर ॲल्युमिनियममध्ये उद्या ओतून देतो. ॲल्युमिनियम घेऊन काय करू? वाफेपुढे टिकायला नको? मला गनमेटल हवं, तांब्या-कथलाचं. लहानपणी बाबांबरोबर मुर्तिजापूरला पाहिलेलं शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन — हातभर लांबीचं करते आहे. चाकं झाली, बॉयलर झाला. अडलंय ते दोन सिलिंडरांपाशी. मुठीत मावतील एवढे! परदेशातले मागवावेत तर ते तिकडच्या इंजिनांचे, माझ्या इंजिनाला बसतच नाहीत.

दिवाळीआधी कायमचं पुण्याला जायचं, लेकाकडे, पियुषकडे. अकरावा मजला. ह्यांनी जठारपेठेतलं हे घर भाड्यानं द्यायचं परस्पर ठरवूनही टाकलं. बाबांचा लेथ तिकडे न्यायचा नाही. "सासू मशीन घेऊन आली म्हन्तीन लोकं!" — हे. म्हणजे लेथ विकणार. एकदा तो गेला की सिलिंडर कुठे कातू? इंजिन कपाटावर शोभेला.

९ ऑगस्ट
अचलपूरला जाऊन आले. एसटीत बसायला जागा नाही. अमरावतीचा भट्टीवाला म्हणाला होता, आधी लाकडी नमुना आणा, त्यावरून रेतीत साचा करू, मग ओतू. म्हणून देवानंद सुताराकडे. त्याचं घर तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात त्या लाकडी बैलांनी भरलेलं, पाय ठेवायला जागा नाही. "पोळा होऊ द्या ताई. आता मले मान वर करायची फुरसत नाही." पोळ्याला अजून किती दिवस! सिलिंडरचं चित्र त्याच्याकडे ठेवून आले. चडफडत.

१० ऑगस्ट
हाताला काम नाही. पुसलेल्या नळ्या परत पुसल्या.

२९ ऑगस्ट
नमुने तयार! काय सुरेख हात आहे देवानंदचा. हातात घेऊन नुसती फिरवत बसले. तशीच पुढे अमरावतीला, धर्मेंद्रच्या भट्टीवर. तो दालमिलच्या यंत्रांच्या कड्या, बुश, ओततो. "दोन नगांसाठी भट्टी नाही पेटवत ताई. मोठं काम आलं की त्याच्यातच टाकून देतो." मोठं काम कधी येणार? "येईन न!"

१८ सप्टेंबर
आले एकदाचे. जड, काळपट पिवळे. घरी येऊन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही डावे! एक डाव्या बाजूचा, एक उजव्या — आपल्या हातांसारखे एकमेकांच्या उलट हवेत. हे तर हुबेहूब सारखे!

देवानंदला फोन केला. "जोडी तं सारखीच करतो न ताई आपन. एका बैलाचं शिंग वेगळं झालं तं पोट्टे घेत नाहीत." त्याला काय बोलू? मी चित्र एकाच बाजूचं दिलं. वर नमुने हातात घेऊन मीही बैल पाहिल्यासारखे पाहिले आणि सुरेख म्हटलं! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

हे पोट धरून हसले. मग म्हणाले, "सोड आता. लेथले गिऱ्हाईक भेटलं. दसऱ्यानंतर येते टेंपो घेऊन."

२४ सप्टेंबर
देवानंदनं हातातलं सगळं काम बाजूला ठेवून उजवा करून दिला. धर्मेंद्रकडे पोचवला. पुन्हा तेच — "येईन न!"

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. लेथ धुतलापुसला, हळदकुंकू, झेंडूचा हार. आज चालवायचा नाही. हे मागे येऊन उभे राहिले. "शेवटची पूजा हाय, नीट कर." रडू आलं. लेथसाठी रडते, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटतं.

६ ऑक्टोबर
उजवा आला! बाहेरच्या अंगाला बारीक छिद्र आहे, पण आतून निर्मळ. लगेच लेथवर चढवला. दारची बेल वाजली तरी उठले नाही.

११ ऑक्टोबर
चाललं! अंगणात, ठोकळ्यांवर, चाकं अधांतरी. आधी नुसतं पाणी थुंकलं, मग एक आचका, आणि मग फक फक फक — थांबेचना! ह्यांनी खरंच टाळ्या वाजवल्या. "झालं बा! मोकळी झाली तू." पियुषला व्हिडिओ पाठवला. 'भारी आई! आता सामान बांध.'

वाटलं होतं, हे झालं की जीव थाऱ्यावर येईल. नाही आला. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत नुसती फिरते आहे. सिलिंडर तर मिळाले. आता कशाची तगमग?

१२ ऑक्टोबर
टेंपो आला. तो दारात पाहिला आणि कळलं, मला जायचंच नाही. रिकामा परत पाठवला. ह्यांना म्हटलं, तुम्ही जा पियुषकडे. मी इथंच राहते.

हे ओट्यावर बसले. मग — "अन् मले सकाळी च्या कोन देईन?"

पियुषकडे बाई येते, म्हटलं.