गाडीच्या मागे लटकलेला माणूस

बा, तू जाऊन चाळिसाच्या वर वर्षं झाली, तरी भाजी निवडता निवडता मी अजून तुझ्याशी भांडते. भांडण एकाच दिवसाचं आहे. त्या दिवशी तू परक्या माणसांसमोर मला गप्प केलंस आणि स्वतःलाच ओळख दिली नाहीस. आज सगळं कागदावर लिहून काढते आहे, कारण मनातल्या भांडणात तू दरवेळी हसून उठून जातोस.

मी तेव्हा अकोल्याला नर्सिंग शिकत होते आणि सुट्टीत शेलूबाजारला आले होते. सडकेच्या कडेला तुझं जिपा दुरुस्त करायचं दुकान, त्याच्यामागे आपल्या दोन खोल्या. दुपारी एक जीप दुकानासमोर थांबली. उतरले ते दोघं. एक आसेगावकडचा, तुझ्या जुन्या मालकाचा मुलगा. ज्या घरी तू लहानपणापासून राबलास आणि छप्पन साली बौद्ध झाल्यावर ज्याची पायरी पुन्हा चढला नाहीस, त्या घरचा. दुसरे नागपूरचे एक वयस्क गृहस्थ, जुन्या मोटारींचं वेड असलेले. त्यांच्या हातात जाड पुठ्ठ्यावर डकवलेला एक फोटो होता.

फोटो इंग्रजांच्या काळातला. घाटातल्या दगडधोंड्यांच्या चढावर मोटारी चढवायची तेव्हा स्पर्धा व्हायची, तिला ट्रायल म्हणत. फोटोत एक उघडी, दोन सीटची, रेसची गाडी चढावर अडली आहे, पुढची चाकं जवळजवळ उचललेली, नंबराची पाटी चिखलानं झाकलेली. चालवणारा मालक, डोळ्यांवर मोठा चष्मा. आणि मागच्या चाकाच्या वर, निम्मा बाहेर लटकलेला, पातळ अंगाचा एक तरुण.

मी दारातून पुढे वाकून फोटो पाहते आहे. कारण ही गोष्ट मला पाठ होती. लहानपणी तू मला शंभरदा सांगितली होतीस. घाटात बाकीच्या गाड्या कशा फसल्या, चाक घसरू नये म्हणून तू त्याच्यावर कसा वजन टाकून नाचत होतास, आणि आपलीच गाडी कशी वर पोचली. 'आपली' म्हणायचास तू, बा.

"ह्या स्पर्धेत एकाच बनावटीच्या दोन गाड्या होत्या," नागपूरचे गृहस्थ तुला सांगत होते. "एक ह्यांच्या वडिलांची, दुसरी एका साहेबाची. ह्यांच्या गोठ्यात जो सांगाडा पडलाय तो ह्या फोटोतल्याच गाडीचा, हे मी ओळखलंय. हे बघा, मडगार्डला आधार देणारा हा दांडा. कारखान्यातला दांडा वाकडा असतो. हा सरळ आहे आणि गोठ्यातला पण सरळच आहे. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तोडून बनवलेला. तुम्ही त्या घरी कामाला होता म्हणे. कोणी बनवला होता हा?"

तू हात पुसलेस, फोटो घेतलास, उन्हात धरलास. मी वाट पाहत होते. आता सांगशील, स्पर्धेच्या आदल्या दिवशी दांडा मोडला तेव्हा इंझोरीच्या लोहाराकडे बसून मीच हा ठोकला.

"मले नाई मालूम," तू म्हणालास.

"आणि हे मागचे कोण?"

"आमचे काका आहेत ते," मालकाचा मुलगा मध्येच बोलला. "धाकटे काका. त्यांना फार शौक होता."

"असतीन," तू म्हणालास.

"बा!" मी बाहेर आले. "काहून खोटं बोलून राह्यला? थो तूच हायस ना! दांडा बी तूच बनवला!"

तू माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंस ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. "घरात जाय," म्हणालास. "मोठ्याइच्या गोठीत तोंड नको घालू. पोरीले काही समजत नाई, साहेब." मालकाचा मुलगा हसला. नागपूरचे गृहस्थ हसले नाहीत, पण त्यांनी फोटो परत घेतला आणि ते निघून गेले.

संध्याकाळी आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी ताटावर बसले नाही. मी बोलत सुटले. वर्गात मुली माझं आडनाव ऐकून पाण्याची घागर उचलून बाजूला ठेवतात आणि मी मान वर करून उभी राहते, ती कोणाच्या जोरावर? आपला बा घाटातली गाडी जिंकवणारा आहे, ह्या जोरावर. आणि तू म्हणतोस मालूम नाई? तू सगळं ऐकून घेतलंस. मग भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवून म्हणालास, "फोटो नीट पाह्यला काय तू? मालकाच्या बाजूची सीट रिकामी होती."

मला कळलं नाही.

"त्या सीटवर मले बसू नाई देल्लं वं. पहिले मांगं रेतीचं पोतं बांधलं होतं. थे सुटलं, म्हणून मले चढवलं. वर पोचलो, त कप घेऊन समद्यायनं फोटो काढले, अन् मले म्हणे गाडी धू. पोत्याच्या जागी होतो मी. त्याच्याखाली माह्यं नाव कायले पाह्यजे?" आणि मग, बा, तू हसलास. "आता जलमभर त्याचा काकाच लटकीन तिथं."

आईसुद्धा हसली. मी हसले नाही. तुझा सूड झाला, पण माझं काय? तू मला खोटी गोष्ट दिलीस, त्या गोष्टीवर मला उभं केलंस, आणि एका दुपारी तीच पायाखालून ओढून घेतलीस. खरं आधीच सांगितलं असतंस तर मी त्या मुलींसमोर त्या खऱ्याच्या जोरावर उभी राहिले असते, अजून ताठ. तुझ्या तरुणपणाचा दुसरा फोटो नाही. माझ्या मुलांनी आजोबा पाहिले ते म्हातारपणीच्या एका फोटोत, वाकलेले. तुला हे सुचलं नाही? मी नोकरीवर रुजू झाल्यावर लवकरच तू गेलास, आणि ते बोलणं पुन्हा निघालंच नाही.

मी रिटायर झाल्यावर नागपुरात जुन्या मोटारींचं प्रदर्शन भरलं. मी गेले. ती गाडी होती, लाल रंग देऊन चकाचक केलेली. बाजूला मोठा केलेला तो फोटो, आणि खाली मालकाचं आणि त्याच्या भावाचं नाव. ती गोठ्यातून नेऊन दुरुस्त करणारे ते नागपूरचे गृहस्थ आता राहिले नव्हते. त्यांची मुलगी तिथं होती. मी तिला म्हटलं, हा माणूस माझा बाप आहे. दांडा त्यानं बनवला. बाजूची सीट रिकामी का आहे, तेही सांगितलं. तुला विचारलं नाही, तूही मला विचारलं नव्हतंस. तिनं फोटोतल्या रिकाम्या सीटवर बोट ठेवलं. मग तिनं पाटी काढून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तिथं तुझं पूर्ण नाव होतं, सीटची हकीकतही होती.

मला वाटलं होतं, आता राग जाईल. गेला नाही. जोवर खाली काकाचं नाव होतं तोवर तो एक गमतीचा फोटो होता. तुझं नाव लागलं आणि लोक थांबून वाचायला लागले, चुकचुकायला लागले. हेच तुला नको होतं का, बा? मग तेव्हाच तसं तोंडानं सांगायचं होतंस. मी काही लहान नव्हते.

त्या मुलीनं फोटोची प्रत दिली आहे. मुलं म्हणतात, आई, हॉलमध्ये लावू. मी फ्रेम आणते म्हणून सांगत असते. फ्रेम आणून महिने झाले; ती पलंगाखाली आहे, आणि मी कोणाला सांगितलेलं नाही.