पान चौऱ्याऐंशीच्या पायऱ्या

११ मार्च, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. वहिनीचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघी ठीक, आईचे गुडघे सोडले तर.

शहराच्या गल्ल्यांवरचं माझं तिसरं पुस्तक आवडलं म्हणालास, बरं वाटलं. पण "आईपायी तुला घराबाहेर पडता येत नाही, तरी अख्खं शहर लिहितेस" हे पुन्हा लिहिलंयस. दादा, हे वाक्य यापुढे नको. का ते सांगते, आधी दुसरं ऐक.

गेल्या आठवड्यात एका निवृत्त सर्व्हेअरचं पत्र आलं. पान चौऱ्याऐंशी : घड्याळजींची गल्ली, अठरा दगडी पायऱ्या, वर निळं दार, दारावर कोरलेला मासा. "बाई, तिथे अकरा वर्षं गाड्या उभ्या राहतात. पायऱ्या सोडा, साधा चढसुद्धा नाही. आपण तिथे कधी गेला होतात?"

मी कुठेच गेलेली नाही रे. सहा वर्षं झाली. बसस्टॉपवर पडले होते ना, तुला 'उन्हाने चक्कर आली' म्हणून कळवलं होतं? ऊन कसलं, भीतीने श्वास कोंडला होता. त्यानंतर मी जिना उतरलेली नाही. आईने मला अडकवलं नाही. मीच दाराआड बसले आणि तुला मात्र तिचं नाव सांगितलं.

जुने नकाशे बघून मी गल्ली ठरवायचे, आई जाऊन बघून यायची. तीस वर्षं घरोघरचे वीजमीटर वाचलेली बाई ती, तिच्या नजरेतून काय सुटणार! संध्याकाळी ती सांगायची, मी लिहायचे. उंटावरून शेळ्या हाकत होते, आणि उंट होती आपली आई.

सर्व्हेअरचं पत्र तिला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "गुडघे दोन वर्षांपूर्वीच गेले गं. तळमजल्यावरच्या शिंपिणीकडे बसायचे दोन तास. तिथेच रचायचे."

"आई! छापलंय ते!"

"मग काय करू? रिकाम्या हाती वर आले असते तर तू लिहिणं सोडलं असतंस. नुसती भिंतीकडे बघत बसली असतीस. आणि मासा छानच होता."

हसावं की रडावं कळेना, दोन्ही केलं. बहात्तर वर्षांची बाई माझ्यासाठी रोज जिना चढत-उतरत होती, आणि पाय दुखतात का, एवढंही मी विचारलं नाही. लाज वाटते रे.

सर्व्हेअरने प्रकाशकांनाही कळवलंय. ते म्हणतात, महिनाअखेर तेवीसच्या तेवीस गल्ल्या स्वतः पाहून दुरुस्त करून द्या, नाहीतर पुस्तक दुकानांतून परत मागवू. काल जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत उतरले. तळहात भिजले, कठडा सुटेना. वीस मिनिटांनी परत वर आले.

तू मात्र धावत येऊ नकोस. आलास की मी सगळं तुझ्यावर टाकीन, मला माहीत आहे.

पत्रपेटी कोपऱ्यावर आहे, बत्तीस पावलांवर, असं आई म्हणते. खरं-खोटं तीच जाणे! "दे, शिंपिणीला टाकायला सांगते," म्हणाली. मी दिलं नाही. चप्पल घालून बसले आहे. हे तुझ्या हाती पडलं तर समज, पावलं मी मोजली. नाही पडलं, तर तुला कळणारही नाही म्हणा.

दाराशी बसलेली,
तुझी चिमी