आदर्श कुंडी, नाहूर पूर्व

५ जानेवारी, सोमवार. सकाळ.
नवीन वर्षाचा संकल्प: रोजनिशी. थोडा लेट आहे, पण आधी विचार करत होतो.
या महिन्याच्या शेवटी मी पर्मनंट. श्रुतिका मॅडम, म्हणजे आमच्या संस्थेच्या बॉस, तसं बोलल्या नाहीत. चेहऱ्यावरून कळतं.
संस्था शेतकऱ्यांचं पाणी वाचवते. मुरबाडला भेंडीच्या शेतांत सेन्सर खोचलेत. सेन्सर ओल मोजतो, साकीनाक्याला आमचा कॉम्प्युटर विचार करतो आणि शेतकऱ्याला फोन जातो: आज पाणी द्या, नाहीतर आज देऊ नका. फोनवरचा आवाज माझा. म्हणजे बघायला गेलं तर संस्था मीच चालवतो.
आई म्हणते, बारावीला दोनदा बसून जे जमलं नाही ते तोंडाने केलंस. करेक्ट.

संध्याकाळ.
गंधालीच्या कॉफीत सेन्सर बुडवला. स्क्रीनवर आलं: मुळं कुजण्याचा धोका. अख्खं ऑफिस हसलं. गंधाली नाही. ती डेटा बघते, मुलुंडची आहे, हसत नाही. म्हणाली सर्वेश, खेळणं नाहीये ते. कॉफी बेसिनमध्ये ओतली. सेन्सर पुसला होता मी.

७ जानेवारी, बुधवार.
मॅडमनी सगळ्यांना घरी न्यायला एकेक कुंडी दिली. आत भेंडीचं रोप, रोपाशेजारी सेन्सर. आयडिया अशी की ज्या कुंडीला नीट पाणी मिळतं तिची ओल म्हणजे बरोबर ओल. शेतातली ओल तिच्याशी ताडायची. कमी भरली तर फोन: पाणी द्या.
मॅडम म्हणाल्या, बघूया कोण किती जबाबदार आहे. बोलताना माझ्याकडेच बघत होत्या. पर्मनंटचं इथेच ठरणार.
बसमध्ये कंडक्टर म्हणाला, झाडाचं हाफ तिकीट काढ. म्हटलं, मांडीवरचं आहे, फ्री. सगळी बस हसली. रोप एका बाजूला वाकलं.
संकल्प: रोज सहाला उठून पाणी. स्वतः.

८ जानेवारी.
उठलो नाही. रोपाला पहिल्याच दिवशी डिस्टर्ब नको. सेट होऊ दे.

१० जानेवारी, शनिवार.
गॅलरीत कबुतरं. कुंडीत बसतात. हाकलायला गेलो की माझ्याकडे असं बघतात जसं काय घर त्यांचं.
अ‍ॅप लाल झालं. लाल झालं की मॅडमच्या स्क्रीनवरपण दिसतं म्हणे. हे आधी सांगायला पाहिजे होतं.

११ जानेवारी, रविवार.
रोप गेलं. कबुतरांमुळे.
पण आज मी शोध लावला. आई सोललेल्या वालाच्या ऑर्डरी घेते. बिल्डिंगमध्ये बिरडं सगळ्यांना पाहिजे, वाल सोलायला कोणालाच नको. त्यामुळे ओट्याखाली फडक्यात बांधलेले वाल कायम मोड येत पडलेले. आणि आई ते फडकं दिवसभर ओलं करत असते. कोणी न सांगता!
सेन्सर गाठोड्यात खोचला. अ‍ॅप हिरवं. एवढं हिरवं मी मुंबईत बघितलं नाहीये.
आईला सांगितलं, ऑफिसचं आहे, काढू नको. तिने विचारलं, फुटणार नाही ना?
ही फसवणूक नाही. वालपण शेतातच येतात.

१४ जानेवारी, संक्रांत.
मॅडमची कुंडी मांजराने पाडली. अकाउंट्सच्या देवव्रतच्या बायकोने भेंडी उपटून मोगरा लावला. गंधालीची सुकली आणि तिने भर मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की पाणी घालायला विसरले. अशाने माणूस पुढे कसा जाणार?
राहिली एकच कुंडी. माझा ग्राफ मॅडमनी भिंतीवर दाखवला. सरळ रेष. नाव दिलं आदर्श कुंडी. आजपासून सगळ्या शेतांची ओल माझ्या कुंडीशी ताडणार. टाळ्या झाल्या. मी हात जोडले.
तिळगूळ देताना गंधाली म्हणाली, मातीत अशी रेष येत नाही रे. म्हटलं, हाताला गुण असतो एकेकाच्या.

१६ जानेवारी, शुक्रवार.
एकदम सगळ्याच शेतांची ओल कमी भरायला लागली. मॅडम म्हणाल्या, बापरे, इतके दिवस आपण पाणी कमी सांगत होतो. म्हणजे मी सापडलो म्हणून वाचले बिचारे.
नवीन मेसेज रेकॉर्ड केला. मॅडमनी लिहून दिलेलं: आज पाणी द्या. फारच सुकं वाटलं. मी केलं: नमस्कार काका, मी तुमचा सर्वेश! जमीन तहानलीय, पाजा तिला पोटभर! वन टेक. झकास.
मग नेहमीप्रमाणे शेतकऱ्यांना फोन, मेसेज पोचला का विचारायला. राजारामकाका, मुरबाडचे, म्हणाले, काल पाणी, आज पाणी, उद्यापण पाणी, तुम्हाला माझ्या शेतात मासे पाळायचेत का? म्हटलं, काका, मी सांगत नाही, डेटा सांगतो. मग म्हणाले, बरं बाबा. तू सांगतोस तर देतो.
मी सांगतो म्हणून. हे मॅडमनी ऐकायला पाहिजे होतं.

२० जानेवारी, मंगळवार.
राजारामकाकांनी फोटो पाठवले. पानं पिवळी. त्यांची भेंडी एक्स्पोर्टला जाते. जरा वाकडी, जरा फिकी दिसली की पॅकिंगवाला माल परत पाठवतो. म्हणाले, शेतात चप्पल रुतली ती वर आलीच नाही, आणि असंच चाललं तर भेंडीपण जाईल तिच्यामागे.
म्हटलं, काका, कॅमेऱ्यामुळे पिवळं दिसत असेल.
डब्यात आज भेंडी होती. देवव्रतला दिली. भूक नव्हती.

रात्री.
संकल्प: काकांची भेंडी वाचवायची. सेन्सर काढला तर अ‍ॅप लाल, मॅडम घरी, पर्मनंटची वाट. म्हणून काढायचा नाही. फडकं हळूहळू सुकवायचं. रेष खाली येईल, फोन थांबतील, कोणाला काही सांगावंच लागणार नाही. एकदम सायंटिफिक.

२१ जानेवारी, बुधवार.
सकाळी फडकं पिळून ठेवलं. संध्याकाळी आलो तर ओलं. परत पिळलं. जेवून उठलो तर ओलं. ही बाई पाणी देण्यासाठीच जगते.

२२ जानेवारी, गुरुवार.
गाठोडं पंख्याखाली ठेवलं. आईने पंखा बंद केला. म्हणाली, वाल सुकले तर सालीला गोंद लावल्यासारखे चिकटतात, जान्हवीकाकूंची ऑर्डर तू सोलणारेस काय रे मेल्या?
राजारामकाकांना आजपण फोन गेला. माझ्याच आवाजात.
दुपारी गंधाली ग्राफ घेऊन आली. रेष वर, खाली, वर, खाली. विचारलं, तुझ्या कुंडीत भरती-ओहोटी येते का? म्हटलं, नाहूरला खाडी जवळ आहे.
तिने ते लिहून घेतलं. मला वाटतं पटलं तिला.

२४ जानेवारी, शनिवार.
गंधाली घरी आली. न सांगता. हे प्रोफेशनल नाही.
मी दारातच सांगितलं, कुंडी गावाला गेलीय. आतून आईने विचारलं, कोण आलंय, आत घे की तिला. मग आईनेच विचारलं, तुमचा तो खिळा बघायचाय का? आणि गाठोडं सोडलं. हे एवढाले मोड, आणि मध्ये सेन्सर. आई म्हणाली, हा घातल्यापासून मोड काय सुंदर येतात गं.
गंधाली हसली. पहिल्यांदाच बघितलं. बराच वेळ हसत होती. मग एकदम थांबली आणि विचारलं, राजारामकाकांचं शेत कसंय?
मी चपलेचं सांगितलं.
ती गॅलरीत गेली, मेलेल्या रोपाशेजारी उभी राहून आधी काकांना फोन केला: फोनवर कोणी काहीही सांगू दे, पाणी बंद ठेवा. मग मॅडमना. मॅडमशी बोलताना दार लावून घेतलं.
सेन्सर काही ती नेऊ शकली नाही. आई म्हणाली, ऑर्डर आहे, मंगळवारपर्यंत राहू दे. आणि हातात बिरड्याची वाटी असताना नाही म्हणणं कठीण असतं. गंधाली म्हणाली, ठीक आहे काकू, सोमवारी सुट्टीच आहे, मंगळवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून कुंडी काढते.
जाताना बिरडं डब्यात भरून नेलं.

२५ जानेवारी, रविवार.
मॅडमचा फोन. ओरडल्या नाहीत. मला अहो सर्वेश म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
पर्मनंटचं पुढच्या सीझनला बघू. तोपर्यंत मुरबाड. राजारामकाकांच्या शेतात चर खणून साचलेलं पाणी बाहेर काढायचं. भेंडी वाचली तर परत साकीनाका.
म्हणजे फील्ड पोस्टिंग. तसं बघितलं तर प्रमोशनच.
आईने विचारलं, किती दिवस? मग म्हणाली, जुने कपडे ने.

२६ जानेवारी, सोमवार. दुपार. मुरबाड.
काकांनी आल्याआल्या फावडं दिलं. म्हणाले, सरळ रेषेत खण. तुला जमते म्हणे सरळ रेष.
गंधालीने सगळं सांगितलेलं दिसतंय.
अर्धा चर झाला. हाताला फोड. खालच्या ओळी गेल्या, वरच्या काका म्हणतात कदाचित राहतील. कदाचित म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. चप्पल सापडली. धुऊन दिली. ते थँक्यू म्हणाले, ते जरा लागलं.
काकांच्या फोनमध्ये संस्थेचा नंबर 'पाणी' या नावाने सेव्ह आहे.
हे कळलं कारण आत्ता तो वाजला. मी गुडघाभर चिखलात होतो. काकांनी स्पीकरवर टाकला आणि फोन माझ्यासमोर धरला.
नमस्कार काका, मी तुमचा सर्वेश! जमीन तहानलीय, पाजा तिला पोटभर!
आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकला.
आईने फडकं ओलं केलेलं दिसतंय.